गुणाजीचे हात

नवऱ्याचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही, पण ही गोष्ट नाव न घेता सांगता येत नाही, तेव्हा घेते. गुणाजी. मी त्यांची बायको चंद्रावती. राहणार तोंडवली, मालवण तालुका. मासळी विकते, आणि माझी जीभ कशी आहे ते मालवणच्या बाजारात कुणालाही विचारा. त्या जिभेला भीती ठाऊक नाही असं लोकांना वाटतं. वाटू दे. अडुसष्ट साल सरत आलं, सहा वर्षं झाली, मी रोज भिते.

गुणाजी मुंबईहून मोठ्या बोटीवर लागले होते. इंजिनाला तेल घालायचं काम. सत्तावन्न साली सिंगापूरच्या बंदरात इंजिनखोलीत वाफेचा नळ फुटला. बाजूचे दोघे जागच्या जागी गेले. हे वाचले, आठ महिने तिथल्या इस्पितळात पडून होते. घरी आले तेव्हा पाठीवरचं भाजलेलं भरून आलं होतं, पण उजवा हात सारखा थरथरत होता. पेजेचा वाडगा तोंडाशी नेईपर्यंत अर्धी पेज छातीवर. घरात पितळेचं भांडं पडलं तरी दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसत. गाबिताचा, जन्मजात दर्याचा माणूस, आणि होडीत पाय ठेवताना घाम फुटायचा! मी रडले नाही. रडून काय हात थांबणार होता?

आल्यानंतर आठवड्याभरातच माझ्या ध्यानात आलं की फटफटायच्या आधी हे उठतात आणि समुद्राकडे जातात. एकदा मी मागून गेले. आमच्या गावाला एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी, मधे वाळूची पट्टी आणि सुरूची झाडं. त्या झाडांखाली हे उभे. गुडघे किंचित वाकवलेले, डोळे उघडे पण कुठे बघताहेत कळेना. हात वर चालले होते, पण इतके हळू, इतके हळू, की माझ्या अंगावर काटा आला. जिवंत माणूस असा हलत नाही. मग एक पाय उचलला, तो हवेत तसाच राहिला, आणि दोन्ही हात पसरले. मी ओळखलं. झपाटलं! परदेशातून काहीतरी बरोबर घेऊन आले.

घरी पळायचं सोडून मी काय करावं? केरसुणी घेऊनच निघाले होते, ती उगारून ओरडले, "कोण तू? माझ्या घोवाक सोड! सोड म्हणतंय ना मेल्या!"

हे इतके दचकले की वाळूत बसलेच. मग हसायला लागले. सिंगापूरहून आल्यापासून पहिल्यांदा हसले. "अगो चंद्रा, मीच मां. भियां नको."

"ह्या काय चाललाहा?"

"तायची म्हणतत तेका. बोटीवर लिम म्हणान चिनी सुतार होतो, तो माझ्याच वांगडा इस्पितळात होतो. तेना शिकयल्यान. हात बघ."

मी हात बघितला. व्यायाम करत होते तेवढा वेळ तो थरथरला नव्हता. माझ्या आरडाओरडीनंतर मात्र बोटं पुन्हा नाचू लागली होती. मला माझ्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

त्या दिवसापासून मी त्यांच्या मागे उभी राहू लागले. आधी पहारा म्हणून, मग शिकायला. लिमने एका लांब कागदावर सगळ्या चाली काढून दिल्या होत्या, माणसाच्या आकृत्या आणि खाली चिनी अक्षरं. हे त्या आकृत्यांना आपली नावं देत. बगळा पंख पसरतो. ढगाचे हात. माकडाला मागे सारायचं. "वजन ह्या पायावरना त्या पायावर कसा न्यायचा? एका कळशीतला पाणी दुसऱ्या कळशीत वततस तसा. थेंब सांडता नये," असं सांगायचे. मला काही जमेना. मी धबाधबा पाय टाकायची. "तू मासळी कापतस काय गो?" म्हणून हे चिडवायचे. पण वर्षभरात माझ्याही गुडघ्याची कळ गेली आणि श्वास पोटापर्यंत जायला लागला. राग मात्र होता तिथेच राहिला, तो काय ढगाच्या हाताने जाणार!

त्यांचं म्हणाल तर पहिल्या पावसाळ्यानंतर वाडगा सांडायचा थांबला. दुसऱ्या वर्षी गाठी मारता येऊ लागल्या, जाळं विणू लागले. साठ साली गावच्या रापणीत जाळ्याचा दोर ओढायला उभे राहिले आणि एकसष्टमध्ये होडीत चढून वल्ह्याला बसले. त्या दिवशी मी किनाऱ्यावर उभी राहून सगळ्यांदेखत रडले. तीन वर्षं रोज पहाटे, तेव्हा कुठे तो हात आमच्या मालकीचा झाला होता. एक दिवस चुकला तर संध्याकाळी बोटं किंचित हलायची, म्हणून आम्ही चुकवतच नव्हतो.

आता रापण म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. होडीने मोठं जाळं समुद्रात गोल टाकायचं आणि सगळ्या गावाने किनाऱ्यावरून ओढायचं. मासळी कुठे आहे ते होडीतल्यांना दिसत नाही. किनाऱ्यावर उंचावर एकजण उभा राहतो, पाण्याचा रंग बघतो आणि हातांनी खुणा करतो. डावीकडे घ्या, पुढे जा, जाळं सोडा. आमच्याकडे समुद्राकडे तोंड करून कुणी हात हलवला तर तो उगाच हलवला असं कुणाच्या मनातही येत नाही. आमच्या रापणीचा म्होरक्या बाबली. एकदा सकाळी धुक्यात त्याच्या होडीने गुणाजींचे ढगाचे हात बघितले आणि मासळी आली समजून खडकावर जाळं सोडलं. जाळं फाटलं. बाबलीने आईबहिणीवरून शिव्या दिल्या, मी त्याला दोन जास्त दिल्या, आणि ते तेवढ्यावर मिटलं. आम्ही खुणांच्या जागेपासून लांब, खाडीच्या तोंडाकडे जायला लागलो. मिटलं असं मला वाटलं.

मग बासष्टचा ऑक्टोबर आला. शाळेतल्या रेडिओवर रोज बातम्या, चिनी पुढे सरकले, हे ठाणं गेलं, ते ठाणं गेलं. आमच्या शेजारची नर्मदावयनी, तिचा एकुलता एक झील शंकर पलटणीत. नवरा समुद्रात गेलेला, तिला दुसरं कुणी नाही. शंकरचं शेवटचं पत्र नेफातून, चीनच्या सरहद्दीवरून, गणपतीच्या आसपास आलेलं. ती रेडिओसमोर जमिनीवर बसून राहायची, घरी जायचीच नाही. दिवाळीत कुणी धड पणती लावली नाही. लोक बोलायचे, कलकत्त्याच्या चिन्यांना गाड्यांत भरून तुरुंगात नेलं. मुंबईचा चिनी दाताचा डॉक्टरसुद्धा नेला. घरात चिनी कागद सापडला तरी नेतात.

हे ऐकलं आणि मी बाजारातून टोपली तशीच टाकून घरी आले. लिमचा कागद पेटीतून काढला आणि चुलीत घातला. आकृत्या एकेक करून काळ्या पडल्या. गुणाजी दारात येऊन उभे होते. कागदाची राख झाल्यावर पुढे येऊन त्यांनी चुलीतली लाकडं सारखी केली. मग म्हणाले, "बरा केलंस." त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, मी माणूसच जाळला.

"उद्यापासना नको जावया," मी म्हटलं.

"नाय गेलंय तर हात जातलो, चंद्रा."

गेले. मीही गेले. त्या सकाळी रेडीच्या बंदराकडे जाणारी एक परदेशी बोट क्षितिजावर उभी होती. खनिज न्यायला त्या नेहमी येत. गुणाजींनी समुद्राकडे तोंड करून हात वर नेले, आणि सुरूच्या झाडांतून बाबली बघत होता. त्याची तरी काय चूक म्हणू? जन्मभर हाताच्या खुणा वाचलेला माणूस. समोर बोट, इकडे चिन्याकडून शिकल्याचं स्वतःच गावभर सांगितलेला खलाशी, आणि हात चाललेत हळूहळू, डावीकडे घ्या, पुढे या.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोलीस पाटील आणि मालवणहून आलेला हवालदार आमच्या अंगणात उभे. मागे अर्धा गाव. पुढे बाबली, डोळे लाल.

हवालदार कचेरीतली मराठी बोलत होता. "तुम्ही रोज पहाटे बोटींना इशारे करता अशी तक्रार आहे. चिन्याकडे शिकलात हे खरं?"

गुणाजींना खोटं बोलता येत नाही, ती एक मोठी खोड. "होय," म्हणाले.

मागून कुणीतरी "फितूर!" असं ओरडलं. नर्मदावयनी गर्दीत होती. ती पुढे आली आणि गुणाजींच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. तिचं ते बघणं मला शिव्यांपेक्षा लागलं. हवालदार म्हणाला, "कपडे घ्या. मालवणला चला. पुढचं वरचे साहेब बघतील."

मला माझ्या नवऱ्याची मान दिसत होती. भाजलेली कातडी चमकते तिथे घाम आला होता. माझ्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. कोठडी, लोखंडी दाराचा आवाज, डोकं झाकून कोपऱ्यात बसलेले हे, आणि तो हात. तुरुंगात कोण देणार ढगाचे हात करायला? माझ्या तोंडातून शब्द कधी निघाले मलाच कळलं नाही.

"इशारे खंयचे? अवसर येता तेंच्या अंगात!"

अवसर म्हणजे आमच्याकडे देवाचं वारं. देवळात गाऱ्हाणं घातलं की एखाद्याच्या अंगात येतं, तो थरथरतो, घुमतो आणि लोक त्याला विचारतात.

मी सोडलं नाही, रेटून बोलले. "चिन्यान कसरत शिकयल्यान ती येगळी. ह्या येगळा. समुद्राकडचो देवचार आपल्या गावाची राखण करता, तो येता. मी लपवन ठेवलंय, माझी चूक. बाबलीभावजी, तुझा जाळा खडकार गेला त्या दिवशी तुका देवचारान मागे वडलो. नायतर होडी फुटली असती!"

बाबलीच्या चेहऱ्यावरचा राग माझ्यासमोर उतरला आणि तिथे भीती आली. त्याने हात जोडले. त्याला बघून मागच्यांनी जोडले. हवालदारही इकडचाच, कोकणातला. त्याने टोपी काढून पुन्हा घातली. पण माणूस पक्का होता. म्हणाला, "बरं. अंगात येतं असं लिहितो. पण लपून नाही. रोज गावासमोर, दिवसाउजेडी. पंधरा दिवसांनी मी स्वतः येऊन बघेन. खोटं निघालं तर दोघांनाही नेईन, बाई."

सगळे गेल्यावर मी पायरीवर बसले. सुटलो, सुटलो, असं म्हणत होते. गुणाजी आत गेले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "ह्या काय केलंस गो?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना खाडीच्या तोंडाशी चाळीस माणसं. निरांजनं, नारळ, अबोलीचे गजरे. गुणाजी मधे उभे राहिले. बगळ्याने पंख पसरले तेव्हा बायकांनी डोळे मिटून हात जोडले. माकडाला मागे सारताना एक म्हातारा ओरडला, "चिन्यांका मागे ढकलता! मागे ढकलता!" सगळे रडले. मला हसू आलं नाही. एका आठवड्यात साठ माणसं झाली. तोंडवली सोडून पलीकडच्या गावांतून लोक येत. कुणी गाऱ्हाणं घाली, कुणी दुखणं सांगे. गुणाजी काही बोलत नसत, हा देवचार मुका आहे असं मीच सांगून ठेवलं होतं.

पण बाबली रोज बाजूला उभा राहून बघे. नवव्या दिवशी तो मला विहिरीवर भेटला. "चंद्रा, माका एक सांग. अवसर इलो की माणूस थरथरता. आजपर्यंत मी जितके बघलंय तितके सगळे थरथरले. ह्यो थरथरणा नाय. ह्यो असो संथ कसो?"

"देवचार तसो आसा."

"होय?" तो म्हणाला. "हवालदार येतलो तेका मी ह्याच विचारतलंय."

कळशी मी तशीच विहिरीवर ठेवली. सरळ घरी गेले आणि गुणाजींच्या पाया पडले. हो, मी, चंद्रावती. म्हटलं, "थोडे थरथरा. नुसतो हात. हवालदार येतलो त्या दिवशी, येकच दिवस."

ते जाळ्याची गाठ मारत होते. गाठ पुरी केली, मग माझ्याकडे बघितलं. "चार वर्सा मी ता थांबवतंय. तुका म्हायती आसा. आतमधे ता आसा अजून, मी तेच्यार दार लावन ठेवलंहा. ता दार मी सोताहून उघडू? मगे बंद कोण करतला?"

"नाटक करूचा, खराखुरा नाय."

"माझ्या हाताक तितक्या कळणा नाय, चंद्रा."

मी भांडले. दोन दिवस बोलले नाही, जेवले नाही. मला त्यांचा रागही आला, खोटं कशाला सांगू. तुरुंग दारात आलाय आणि हा माणूस हाताचे लाड करतोय! पण ते बधले नाहीत.

पंधरावा दिवस. नोव्हेंबरची थंडी, समुद्रावर जराही लाट नाही. हवालदार आला होता, काठी काखेत मारून वाळूवर उभा. बाबली त्याच्या बाजूला, कानाशी लागून सांगत होता. दोघे हातांकडेच बघत होते. गुणाजींनी सुरुवात केली. मी त्यांच्यामागे दोन पावलांवर. ढगाचे हात आले. डावा वर, उजवा खाली, कळशीतून कळशीत. इतके सुंदर त्यांनी कधी केले नव्हते, आणि मी मनात म्हणत होते, मेल्या, थरथर, जरा तरी थरथर.

बाबली मोठ्याने म्हणाला, "बघा साहेब! ह्यो अवसर?"

आणि तेवढ्यात गर्दीतून नर्मदावयनी आली. निरांजन नाही, नारळ नाही, केस मोकळे. गुणाजींच्या समोर गुडघ्यावर बसली, त्यांचा पुढे आलेला पाय दोन्ही हातांनी धरला आणि ओरडली, "देवा, रेडिओर सांगल्यानी, सगळी पलटण गेली! माझो शंकर खंय आसा? तुका दिसता मां? सांग माका! आसा काय गेलो?"

पाय धरल्यामुळे त्यांचा तोल गेला. हात हवेतच थांबले. ते तिच्याकडे बघत राहिले. तिच्या चेहऱ्यात त्यांना काय दिसलं, मला ठाऊक आहे. इंजिनखोलीतले ते दोघे दिसले. आधी करंगळी हलली. मग सगळी बोटं. मग मनगट, कोपर, खांदा. मग डावा हात, जो कधीच थरथरला नव्हता. दात वाजू लागले, डोळे पांढरे झाले.

"इलो! अवसर इलो!" बाबलीच ओरडला आणि वाळूत पालथा पडला. साठ माणसं एकदम खाली वाकली. हवालदाराने टोपी काढली. लोकांना काय आनंद झाला होता, म्हणून सांगू! मी एकटी उभी होते. पुढे होऊन त्यांना कवटाळावं, घरी न्यावं, पाणी पाजावं, एवढंच मला हवं होतं, पण हवालदार बघत होता.

नर्मदावयनी पाय सोडत नव्हती. "सांग! सांग माका!"

गुणाजींनी माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं, पण दातांवर दात आपटत होते, शब्द होईना. सगळ्यांनी माझ्याकडे तोंडं वळवली. देवचार मुका, तेव्हा त्याचं बोलणं मीच सांगणार असं सगळ्यांनी धरलेलं. खरं सांगायचं तर आम्हाला काही ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगितलं असतं तर आम्ही दोघं मालवणच्या गाडीत असतो.

"जितो आसा," मी म्हटलं. "येतलो."

हवालदार परत फिरला तो पुन्हा कधी आला नाही. दोन दिवसांत लढाई थांबली. जानेवारीत सरकारी कागद आला, शंकर बेपत्ता. नर्मदावयनीने तो वाचूनही घेतला नाही. सरकारपेक्षा देवाला जास्त कळतं, म्हणाली. सहा वर्षं झाली. दर शिमग्याला ती शंकरसाठी नवा सदरा शिवून घेते आणि त्याच्या जेवणाचं पान मांडते. कुणी क्रियाकर्माचं नाव काढलं तर अंगावर धावते. वाटेत मला भेटली की विचारते, "चंद्रा, देवान सांगल्यान तसो येतलो मां गो?" आणि मी होय म्हणते. आणखी काय म्हणू?

गुणाजी त्या दिवसानंतर खाडीच्या तोंडाकडे गेले नाहीत. मी खूप मागे लागले. दार लावून घरातच करू, म्हटलं, मी आधी करते, तुम्ही मागून या. मी करून दाखवलं, एकटीनेच. ते खाटेवर बसून बघत राहिले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. होडी सुटली, जाळं सुटलं. पेज मी भरवते. लोक अजून अंगणात येऊन त्या हातांना नमस्कार करतात.

रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मला त्यांनी एक शब्दही बोलून दाखवला नाही. फक्त संध्याकाळी नर्मदावयनीच्या घराची कडी वाजली की ते खाटेवरून उठतात आणि आतल्या खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बसतात. तिथून हळूच म्हणतात, "चंद्रा, दार लाव गो. ती येता."

मी जाते आणि दार लावते.